सरांची पत्रं: प्रश्न ट्रंकेत आहेत, उत्तरं विदर्भभर

धंतोलीकर (धागा सुरू करणारे)

सरांना जाऊन वर्ष होत आलं. त्यांच्या मैफिलींच्या कॅसेट आहेत का, अशी विचारणा करणारे फोन काकूंना अजून येतात. पत्रांबद्दल मात्र कोणी विचारत नाही. सरांनी आयुष्यभर पत्रातून गाणं शिकवलं, म्हणून हा धागा. घरच्यांच्या इच्छेनुसार त्यांचं नाव देत नाही. ज्यांनी त्यांचं एक जरी पत्र घेतलं असेल ते ओळखतीलच.

सर नागपूरच्या महाल भागातले. मॅट्रिकनंतर गाणंच शिकायचं म्हणून घरी भांडून खैरागढला गेले. आज ते गाव छत्तीसगढमध्ये आहे, पण १९५६च्या ऑक्टोबरअखेरपर्यंत नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी होती आणि खैरागढ त्याच राज्यातलं. राजा बीरेंद्र बहादूर सिंह आणि राणी पद्मावती देवी यांनी आपला कमलविलास राजवाडा देऊन, अकाली गेलेल्या लेकीच्या नावाने, तिथे इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय सुरू केलं. तारीख १४ ऑक्टोबर १९५६. त्याच दिवशी इकडे नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली. सर हे दोन्ही नेहमी एका दमात सांगायचे. पुढे १ नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना झाली आणि सरांचं घर एका राज्यात, विद्यापीठ दुसऱ्यात गेलं. हावडा लाइनची गाडी, गोंदिया, डोंगरगड, मग राजनांदगावला उतरून बस. घरी दर आठवड्याला पत्र टाकायची सवय तिथूनच लागली.

त्या वेळी तिथे कुलगुरू होते आचार्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर. अण्णासाहेब. ज्यांना हे नाव नवं आहे त्यांच्यासाठी थोडं: रागसंगीताचं शास्त्र मांडणारे पं. विष्णु नारायण भातखंडे यांचे पट्टशिष्य, बडोद्यात उस्ताद फैयाजखाँ यांची तालीम, १९२८पासून लखनौच्या मॉरिस कॉलेजचे प्राचार्य, १९५७ साली पद्मभूषण. ‘सुजान’ या नावाने त्यांनी शेकडो बंदिशी बांधल्या, त्या ‘अभिनव गीतमंजरी’त आहेत. के. जी. गिंडे, एस. सी. आर. भट, दिनकर कैकिणी, चिदानंद नगरकर, सुमती मुटाटकर ही त्यांची शिष्यमंडळी. वसंतमुखारी आज आपण सहज ऐकतो, पूर्वांगात (सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात) भैरव आणि उत्तरांगात (वरच्या अर्ध्यात) भैरवी. दक्षिणेतल्या बकुळाभरण मेळाशी (स्वरसंचाशी) जुळणारा हा राग हिंदुस्थानी मैफलीत रुजवण्यात अण्णासाहेबांचा मोठा वाटा. स्वतः मोठे गवई असूनही त्यांनी आयुष्य वर्गात घालवलं, आणि त्याची किंमतही मोजली. आकाशवाणीने कलाकारांच्या चाचण्या सुरू केल्या तेव्हा त्या समितीचं अध्यक्षपद त्यांच्याकडे होतं, आणि नाराज कलाकारांचा सगळा राग त्यांच्यावर निघाला. गाणाऱ्याने शिकवण्याला कमी लेखायचं नाही, हे सरांनी त्यांच्याकडे बघून ठरवलं असावं असं मला वाटतं.

नागपूरला परत आल्यावर सर कॉलेजात लागले आणि निवृत्तीपर्यंत तिथेच राहिले. पंचेचाळीस मिनिटांचा तास, त्यातली दहा मिनिटं तंबोरे लावण्यात. त्यांना हे कधीच पुरलं नाही. म्हणून तासाला जे राहून गेलं ते पोस्टकार्डावर यायचं. विद्यार्थिनी लग्न होऊन गोंदियाला गेली, कोणी यवतमाळला शाळेत संगीतशिक्षक झाला, कोणी भिलाईच्या कारखान्यात. प्रश्न येत राहिले आणि सर उत्तरं देत राहिले.

काकूंनी जी ट्रंक माझ्याकडे सोपवली तिच्यात ते प्रश्न आहेत. विद्यार्थ्यांची कार्डं, आंतरदेशीय पत्रं, आकाशवाणीची करारपत्रं (नागपूर केंद्र १९४८ सालचं, सर तिथे नियमित गात), परीक्षक म्हणून आलेली बोलावणी, आणि तंबोऱ्याच्या दुरुस्तीसाठी कॉलेजला केलेल्या अर्जांच्या कार्बन प्रती. शेवटच्या गठ्ठ्यावरून कळतं की एका तंबोऱ्याच्या भोपळ्याला पडलेली चीर बुजवायला किती पावसाळे गेले.

सरांची उत्तरं मात्र ट्रंकेत नाहीत. ती तुमच्याकडे आहेत.

एक सोय सरांनीच करून ठेवली आहे. उत्तर टाकलं की आलेल्या पत्राच्या कोपऱ्यात लाल पेन्सिलीने तारीख आणि रागाचं नाव लिहायचे. त्यामुळे कोणत्या प्रश्नाला उत्तर कधी गेलं हे कळतं. कोणाकडे सरांचं पत्र असेल तर फक्त तारीख आणि राग इथे लिहा, मी त्याचा प्रश्न शोधून देतो. प्रश्नाशिवाय ती उत्तरं अर्धीच कळतात, आणि हे प्रश्न एकटे ठेवून तर काहीच उपयोग नाही.

वर्धेकरीण

माझ्याकडे आहेत! लग्नानंतर गाणं सुटू नये म्हणून सरांनी जवळजवळ जबरदस्तीने पत्र लिहायला लावलं होतं. सासूबाईंना वाटायचं एवढी पत्रं कोणाची येतात. मग एकदा त्यांनाच वाचायला दिलं, तर त्यात नुसता दरबारी राग.

तो दरबारीच सांगते. मी पुस्तकातून बसवत होते. पुस्तकात ‘ग’खाली आडवी रेघ, म्हणजे कोमल, एवढंच. मी गायचे तर तो काफीतला गांधार वाटायचा. सरांनी लिहिलं होतं की या रेघेवर विश्वास ठेवू नकोस. मध्यमाचा कण (ओझरता स्पर्श) घेऊन ये, गांधारावर उभी राहू नकोस, झुलत राहा, आणि उतरताना सरळ उतरायचं नाही, ‘ग म रे सा’ असंच. त्याच्या शेजारी त्यांनी पेनाने एक लाट काढली आहे, आधी उथळ, मग रुंद. ती लाट मी बोटाने गिरवत गायचे. आंदोलन म्हणजे काय हे मला त्या लाटेने कळलं.

धंतोलीकरदादा, तारीख पोस्टाच्या शिक्क्यात पुसली आहे. राग दरबारी कानडा. सापडेल का?

अजनीचा पोरगा

मस्त धागा. एक शंका: मॉरिस कॉलेज म्हणजे आपल्या टी-पॉइंटवरचं का? अण्णासाहेब नागपुरात प्राचार्य होते?

धंतोलीकर

@अजनीचा पोरगा, नाही. आपलं मॉरिस कॉलेज १८८५चं, सर जॉन मॉरिस यांच्या नावाचं, आताचं वसंतराव नाईक शासकीय कला व समाजविज्ञान संस्था. लखनौचं संगीत कॉलेज १९२६चं, संयुक्त प्रांताचे गव्हर्नर विल्यम मॅरिस यांच्या नावाचं. मराठीत दोघांचं मॉरिसच झालं. लखनौच्या कॉलेजला पुढे भातखंडेंचं नाव दिलं, आता ते विद्यापीठ आहे. सरांच्या पत्रांतही ‘मॉरिस’ दोन्ही अर्थांनी येतं, तेव्हा संदर्भ बघून ठरवावं लागतं.

@वर्धेकरीणताई, दरबारीच्या खुणा बऱ्याच आहेत. तुमचं माहेरचं आडनाव व्यनितून (खाजगी निरोपातून) कळवा.

खर्जातला

मला इथे थोडं वेगळं म्हणायचं आहे. सरांबद्दल पूर्ण आदर ठेवून. गाणं पत्रातून येत नाही. ते समोर बसून, गुरूच्या तोंडून, वर्षानुवर्षं ऐकून येतं. ताईंना ती लाट कळली कारण त्यांनी आधी सरांना दरबारी गाताना ऐकलं होतं. ज्याने ऐकलंच नाही त्याच्या हातात ते कार्ड दिलं तर तो काय गाईल? तुम्ही ही पत्रं छापाल, मग कोणीतरी त्यावरून गायला बसेल आणि म्हणेल ही सरांची बंदिश, सरांचा दरबारी. माझे गुरुजी नोटेशनची वही वर्गात उघडू देत नसत. शंकरराव सप्रे गुरुजींकडे नागपुरात वसंतराव देशपांडे शिकले, ते काय कार्डावर शिकले?

धंतोलीकर

@खर्जातला, तुमचा मुद्दा खरा आहे आणि सरांनाही तो मान्य असता. पत्राने गाणं सुरू करता येत नाही. पण गुरू सुटल्यावर काय? आपल्याकडे किती जणांना वर्षानुवर्षं समोर बसायला मिळतं? नोकरी लागते, बदली होते, लग्न होतं, गाव बदलतं. विशेषतः मुलींचं. सरांचा पत्रव्यवहार बहुतांशी मुलींशी आहे, हे ट्रंक उघडल्यावर पहिल्यांदा लक्षात आलं. शिकलेलं घसरू नये म्हणून ही पत्रं होती.

आणि भातखंडेंचंच बघा. पेशाने वकील, नंतर सगळं सोडून गावोगाव फिरले. १९०७च्या दौऱ्यात नागपूरही होतं, पुढे हैदराबाद, विजयनगरम, कलकत्ता. जे मिळवलं ते त्यांनी ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’च्या चार भागांत मांडलं, आणि कसं मांडलं? गुरुशिष्यांचा संवाद करून. शिष्य शंका काढतो, गुरू उत्तर देतो. तेही मराठीत. रागांची एवढी चर्चा आपल्या भाषेत पहिल्यांदा झाली ती प्रश्नोत्तरांच्या रूपात, याचा मला फार अभिमान वाटतो. त्यांना कळलं होतं की शास्त्र सपाट सांगून चालत नाही, आधी कोणीतरी अडावं लागतं. या ट्रंकेतले अडलेले लोक खरे आहेत, एवढाच फरक.

खर्जातला

भातखंडेंच्या ग्रंथाबद्दल वाद नाही. पण त्यांनीही क्रमिक पुस्तकांत बंदिशी उतरवल्या तेव्हा घराणेदार गवयांनी, आमची चीज अशी नाहीच, असं म्हटलं होतं. ती तक्रार अजून मिटलेली नाही. माझं म्हणणं तिथेच आहे. छापायचंच असेल तर सोबत सरांचं किंवा त्यांच्याकडे प्रत्यक्ष शिकलेल्या कोणाचं गाणं ध्वनिमुद्रित करून जोडा. वर्धेच्या ताईंनी तो दरबारी गाऊन द्यावा. मग मी गप्प बसेन.

वर्धेकरीण

गाईन की. आवाज आता पूर्वीसारखा नाही, पण गांधार आहे.

सरगमवाला

जे कोणी पत्रं वाचायला बसणार असतील त्यांनी स्वरलिपीचं (सूर-ताल कागदावर लिहायच्या खुणांचं) एक पथ्य पाळा, नाहीतर घोळ होईल. आपल्याकडे दोन पद्धती आहेत, एक भातखंडेंची आणि एक पं. विष्णु दिगंबर पलुस्करांची.

भातखंडे पद्धतीत अक्षरावर टिंब म्हणजे तार (वरचं) सप्तक, खाली टिंब म्हणजे मंद्र (खालचं). पलुस्कर पद्धतीत अक्षरावर टिंब म्हणजे मंद्र, आणि तारेसाठी वर उभी रेघ. एकच टिंब, दोन टोकं. त्यातून भातखंडेंमध्ये अक्षरावरची उभी रेघ म्हणजे तीव्र मध्यम! तालाचं तर आणखी अवघड. भातखंडेंमध्ये समेला (तालाच्या पहिल्या मात्रेला) × आणि खालीला (टाळी नसलेल्या जागेला) ०. पलुस्करांमध्ये समेला १ आणि खालीला +. घाईत लिहिलेल्या कार्डावर × आणि + सारखेच दिसतात, म्हणजे सम आणि खालीची अदलाबदल. कोमल स्वर ओळखायला सोपे, भातखंडेंकडे खाली आडवी रेघ, पलुस्करांकडे हलन्तासारखी खूण.

खैरागढचे सर म्हणजे भातखंडे पद्धतच असणार, असं धरून चालू नका. आमच्या वडिलांना त्यांचं एक पत्र आलं होतं, वडील गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा दिलेले. सरांनी अख्खी बंदिश पलुस्करांच्या खुणांत लिहून पाठवली होती. समोरचा ज्यात शिकला त्यातच लिहायचं, असा त्यांचा शिरस्ता असावा. म्हणून आधी पत्र कोणाला गेलं ते बघा, मग सूर वाचा.

धंतोलीकर

@सरगमवाला, हे फार मोलाचं. आता एक गोष्ट जुळली. काही प्रश्नांवर लाल पेन्सिलीत रागाच्या पुढे ‘प’ लिहिलेलं आहे. मी पंचम समजत होतो, तो पलुस्करांचा ‘प’ असणार.

भंडाऱ्याचा भाऊ

मी सरांपाशी शिकलो नाई, पण मले त्यांचं येणं चांगलं आठवते. आमच्या कॉलेजात प्रॅक्टिकलचे परीक्षक म्हणून यायचे. अमरावतीचं विद्यापीठ १९८३ साली वेगळं झालं, त्याच्या आधी अकोला, बुलढाणा, यवतमाळ सगळं नागपूर विद्यापीठातच होतं. म्हणजे परीक्षकाची पायपीट केवढी असेल पाहा. उन्हाळ्यात एसटी, आणि तंबोरा मांडीवर. सीटखाली ठेवत नसत. कंडक्टर बोलला तर तंबोऱ्याचं तिकीट काढतो म्हणत.

माझी मोठी बहीण परीक्षेला बसली होती. भूप गायला सांगितला, ती घाबरून धैवतावरच रेंगाळत राहिली. सर रागावले नाईत. म्हणे, बाई, तू देशकार चांगला गाऊन राहिली, आता भूप गा. तिचे मार्क किती आले ते मले आठवत नाई, पण दोन्ही रागांत स्वर तेच असून गांधार अन् धैवतानं घर कसं बदलते हे आमच्या घरात सगळ्यांना त्या दिवशी समजलं. मी तं गाण्यातला अडाणी माणूस, मले बी समजलं. बहिणीनं त्याच्यावर सरांना पत्र लिहिलं होतं. उत्तरही आलं होतं. तिच्याकडे विचारून सांगतो.

जुनी बाइंडिंग

ग्रंथालयात आयुष्य गेलं, म्हणून कागदाचं सांगते. धंतोलीकर, हे आधी करा, बाकी नंतर.

लॅमिनेशन अजिबात नको. लोक प्रेमाने करतात आणि कागद कायमचा मारतात. सेलोटेप नको, तिचा डिंक पिवळा पडून शाई खातो. टाचण्या, यू-पिना काढा, गंज लागला असेल तर ओढू नका, हळूच सरकवा. क्रमांक लिहायचा तर मऊ पेन्सिलीने, मागच्या कोपऱ्यात. पेनाची शाई पाण्याने पसरते, त्यामुळे ओला फडका लांब ठेवा. कोरड्या मऊ ब्रशने धूळ झटका. घड्या उलगडून सपाट ठेवा, आंतरदेशीय पत्र घडीवरच फाटतं.

आता नागपूरचं खास. ट्रंक कूलरच्या खोलीत असेल तर आजच हलवा. बाहेर मे महिन्याची कोरडी होरपळ आणि आत कूलरचा ओलावा, मग जूनमध्ये पाऊस; या उलटसुलट हवेने कागद फुगतो, आकसतो, मग बुरशी. कसर आणि वाळवी वेगळीच. भिंतीला टेकवू नका, लाकडी पाटावर ठेवा. डांबरगोळ्या पत्रांना चिकटून नकोत.

आणि स्कॅन करताना मागची बाजू, पत्त्याची बाजू, तिकीट, शिक्का, सगळं घ्या. लोक फक्त मजकूर घेतात. तारीख नसलेलं पत्र पत्त्यावरून बोलतं. पिनकोड असेल तर पत्र १५ ऑगस्ट १९७२नंतरचं, कारण तो त्या दिवशी सुरू झाला (तो बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी, आणि संस्कृतचे कवी). पिनकोड नसणं हा मात्र पुरावा नाही, लोकांना सवय व्हायला वेळ लागला. तिकिटावर ‘नये पैसे’ असेल तर १९५७ ते १९६४च्या आसपासचं. खैरागढची पत्रं त्यावरून पटकन निघतील.

सिव्हिल लाइन्स

वकिली दृष्टीने दोन शब्द. पत्राचा कागद ज्याला आलं त्याचा, पण मजकुरावरचा हक्क लिहिणाऱ्याचा, त्याच्या मागे वारसांचा. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात तो साधारणपणे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो; हयातीत न छापलेलं लेखन नंतर छापलं तर ६० वर्षं प्रकाशनापासून मोजतात. म्हणजे सरांची उत्तरं छापायला काकूंची लेखी संमती हवी, आणि ट्रंकेतले प्रश्न छापायला त्या त्या विद्यार्थ्याची. तोंडी होकारावर जाऊ नका.

कायद्यापलीकडचं म्हणाल तर: मुलींनी सरांना रागापुरतंच लिहिलं असेल असं नाही. घरी गाऊ देत नाहीत, तंबोरा माळ्यावर टाकला, असंही असेल. ते कोणाच्या तरी सासरबद्दल आहे आणि ती माणसं हयात आहेत.

धंतोलीकर

@सिव्हिल लाइन्स, आहे. तसं बरंच आहे. मी ते वेगळं काढून ठेवलं आहे आणि ज्यांचं त्यांना परत करणार आहे. काकूंचंही तेच म्हणणं. बाकीच्यांसाठी संमतीपत्राचा मसुदा तुम्ही करून द्याल का? ट्रंक कूलरच्या खोलीतून काल हलवली, @जुनी बाइंडिंग ताई, मनापासून आभार.

@वर्धेकरीणताई, तुमचा प्रश्न सापडला. लाल पेन्सिलीत ‘दरबारी’ आणि खाली तारीख ११-८-७४. तुम्ही विचारलं आहे की पुस्तकातला गांधार लावला की सासूबाई म्हणतात ही तर भजनाची चाल, मग दरबारीत वेगळं काय करायचं? त्यातच पुढे आणखी एक प्रश्न आहे, अडाणा रागात गांधार असाच झुलवायचा का. त्याचं उत्तर तुमच्या कार्डावर आहे का?

वर्धेकरीण

हो, तो प्रश्न माझाच! सासूबाईंचं ते वाक्य मी विसरूनच गेले होते. अडाण्याचं उत्तर आहे, पण पत्त्याच्या बाजूला, उभं लिहिलंय, जागा संपली म्हणून. अडाणा वर तार षड्जाकडे धावणारा, त्याला एवढं झुलायला वेळ नाही, एवढं वाचता येतं. त्यापुढची ओळ शिक्क्याखाली गेली आहे. ‘उतरताना’ आणि मग ‘धैवत’ एवढंच दिसतं.

सरगमवाला

ताई, त्या बाजूचा फोटो खिडकीच्या उजेडात, तिरका धरून काढा. बॉलपेन असेल तर कागदावर दाब उमटलेला असतो, शाई दिसली नाही तरी अक्षर दिसतं. धैवताच्या खाली रेघ आहे का तेवढं आधी बघून सांगा.

भंडाऱ्याचा भाऊ

बहिणीचा फोन झाला. पत्र आहे, देवघरातल्या पोथीत. तारीख ३-५-७९, राग देशकार. ती म्हणते फोटो पाठवते, पण पत्र देणार नाई.

धंतोलीकर

देऊ नये. फोटोच हवा, दोन्ही बाजूंचा. ३-५-७९ला सरांनी दोन उत्तरं टाकलेली दिसतात, एक देशकार आणि एक सोहनी. सोहनीचा प्रश्न चंद्रपूरहून आलाय, सही नुसती ‘आपली विद्यार्थिनी’. चंद्रपूरचं कोणी इथे असेल तर विचारून बघा.